पहिले घरगुती संगणक आणि मेमरीचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की ओळखीच्या चार-सहा घरांतून आमच्याकडे एकच प्रश्न येतो. मुलीला किंवा मुलाला लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो आठ जीबीचा घ्या, मुलगा म्हणतो सोळाचा हवा, आणि दोहोंच्या किमतीत जो फरक आहे त्यात घरचा महिन्याचा किराणा येतो. मग वडील हळूच विचारतात, "आता आठचा घेऊ आणि पुढे पैसे आले की वाढवू, असं चालेल का?"

हा प्रश्न त्या वडिलांना वाटतो तसा नवा नाही. पन्नास वर्षांपूर्वी, माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या टेबलावर संगणक आणण्याची सुरुवात झाली, त्याच वर्षी तो उभा राहिला. त्याची उत्तरे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी दिली आणि त्या उत्तरांवर काही कंपन्या मोठ्या झाल्या, काही अडचणीत आल्या. आमच्या विद्यार्थ्यांना राजेरजवाड्यांच्या सनावळ्या पाठ असतात. या इतिहासाची सनावळही एकदा वाचून पाहावी, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम थोडा खुलासा. मेमरी म्हणजे संगणकाचे काम करण्याचे टेबल. कपाटात, म्हणजे डिस्कवर, कितीही कागद असोत, काम करताना ते टेबलावर काढावे लागतात, आणि वीज गेली की टेबल साफ होते. ही मेमरी बाइटमध्ये मोजतात. रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट लागतो. १०२४ बाइटना १ के म्हणत, म्हणजे टंकलिखित इंग्रजीचे साधारण अर्धे पान. आज आठ जीबीचा जो लॅपटॉप साधा समजला जातो, त्याची मेमरी १९८०-८२ च्या सुमारास उत्तम समजल्या जाणाऱ्या ६४ केच्या यंत्राच्या सव्वा लाखाहून अधिक पट आहे. हे आकडे मनात ठेवून पुढे जाऊ.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० नावाचे यंत्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की गावची मिट्स नावाची छोटी कंपनी ते सुट्या भागांच्या पेटीच्या रूपात चारशे डॉलरच्या आत विकत होती. त्यात मेमरी होती २५६ बाइट. के नव्हे, नुसते बाइट. म्हणजे या परिच्छेदाएवढा मजकूरही त्यात मावला नसता. यंत्र जोडून झाले की दर्शनी बाजूचे खटके वर-खाली करून दिवे लुकलुकताना पाहायचे, एवढीच हौस त्यावर भागत असे. पुढे बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक भाषा तयार केली. तिला निदान ४ के मेमरी लागे, म्हणजे मूळ यंत्रात होती तिच्या सोळा पट!

मिट्सने ४ केची मेमरी पाटी विकायला काढली, पण ती भरवशाची नव्हती. मग कंपनीने एक युक्ती केली. जो आमची मेमरी पाटी घेईल त्याला बेसिक स्वस्तात, आणि जो नुसते बेसिक मागेल त्याला ते कितीतरी महाग. ग्राहकांनी काय केले? बर्कलीच्या प्रोसेसर टेक्नॉलॉजी या दुसऱ्या कंपनीने त्याच यंत्रात बसणारी, चांगली चालणारी मेमरी पाटी काढली होती, ती त्यांनी विकत घेतली आणि बेसिकची कागदी फीत एकमेकांकडून नकलून घेतली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून रागाचे जाहीर पत्र लिहिले ते याच नकलांबद्दल. चोरीचे समर्थन कोणी करू नये. पण त्या चोरीच्या मुळाशी एक नादुरुस्त मेमरी पाटी होती, हे त्या पत्राची गोष्ट सांगताना सहसा कोणी सांगत नाही.

दोन वर्षांनी, १९७७ मध्ये ॲपल-२ आला. तो तयार यंत्र म्हणून मिळत होता, आणि मेमरीच्या बाबतीत त्याचा रचनाकार स्टीव्ह वॉझनियॅक याने शहाणपणाची सोय केली होती. पाटीवर आठ-आठ सॉकेटांच्या तीन ओळी. ज्याला जेवढे परवडेल तेवढ्या चिप त्याने आज बसवाव्यात, उरलेल्या पुढे. ४ केचा ॲपल-२ होता १२९८ डॉलरला आणि ४८ केचा २६३८ डॉलरला. पेटी तीच, कळफलक तोच, फरक फक्त मेमरीचा, आणि त्या फरकात दुसरा संगणक आला असता. साहजिकच पुष्कळांनी थोडक्या मेमरीवर सुरुवात केली. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिजिकॅल्क हा हिशेबाचा प्रोग्रॅम बाजारात आला. दुकानदार, हिशेबनीस, छोटे कारखानदार त्यासाठी संगणक घेऊ लागले. त्याला ३२ के लागत. ज्यांच्या ॲपलमध्ये सॉकेटे रिकामी होती त्यांनी चिप आणून बसवल्या आणि जुन्याच यंत्रावर नवे काम सुरू केले. रिकामी जागा विकत घेण्याला किंमत असते, हे तेव्हा लोकांना प्रथम कळले.

आता इंग्लंडकडे वळू, कारण आपल्या शाळांचा या गोष्टीशी संबंध तिथूनच येतो.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी मार्च १९८१ मध्ये झेडएक्स८१ काढला. जोडणीच्या पेटीला पन्नास पौंडांना पाच पेन्स कमी, तयार यंत्राला सत्तर पौंडांना पाच पेन्स कमी. मध्यमवर्गीय बापाला मुलासाठी घेता येईल असा हा खरोखरीचा पहिला संगणक. मेमरी १ के. त्यातच प्रोग्रॅम आणि त्यातच पडद्यावरचा मजकूर. प्रोग्रॅम लांबत गेला की पडद्याला जागा कमी पडे. या १ केमध्ये डेव्हिड हॉर्न नावाच्या एका गृहस्थांनी बुद्धिबळ बसवले, तेही ६७२ बाइटमध्ये! कॅसलिंग नव्हते, प्यादे शेवटच्या घरात पोचले तरी वजीर होत नसे, पण यंत्र खेळत असे. अशी कसरत ज्यांना जमत नव्हती त्यांच्यासाठी १६ केची मेमरीची डबी वेगळी मिळे, आरंभी तीही जवळजवळ पन्नास पौंडांची. ती यंत्राच्या पाठीमागे नुसती खोचायची असे. टेबलाला धक्का लागला, कळ जरा जोरात दाबली गेली, की डबी हलायची आणि दोन तास टंकलेला प्रोग्रॅम क्षणात नाहीसा व्हायचा. मुलांनी चिकटपट्ट्या लावल्या, चिकट माती लावली. मेमरी किती वाढते एवढेच पाहून भागत नाही, ती कशी बसते हेही पाहावे लागते, हे इंग्लंडातली हजारो मुले रडून शिकली असतील.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८२ मध्ये, स्पेक्ट्रम आला. १६ केचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. वरची ३२ के इतकी स्वस्त कशी, याची हकिकत मोठी गमतीची आहे. त्या वेळी ६४ किलोबिटच्या चिप नव्याने निघू लागल्या होत्या आणि कारखान्यात त्यांपैकी कित्येकींचा अर्धा भाग बिघडलेला निघे. चिप करणाऱ्या कंपन्या अशा अर्ध्या चांगल्या चिप स्वस्तात देत. सिंक्लेअरने त्या घेतल्या, बिघडलेला अर्धा भाग वापरायचाच नाही अशी तजवीज पाटीवर केली, आणि ग्राहकाला चांगली ३२ के मिळाली. अर्धी सडकी भाजी निवडून चांगली भाजी करणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही. मात्र मेमरी वाढवणाऱ्याला, आपल्या चिपचा कोणता अर्धा भाग चांगला आहे हे पाहून पाटीवरची तार जोडावी लागे. अर्धा भाग चुकला की यंत्र मुके.

त्याच सुमारास ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने जनतेला संगणक शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो तयार केला. मॉडेल ए १६ केचे, मॉडेल बी ३२ केचे. ए घेतलेल्याने नंतर आठ चिप रिकाम्या सॉकेटांत बसवून ३२ के करून घ्यावेत, अशी सोय होती. हाच बीबीसी मायक्रो भारतात आला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची शालेय संगणक साक्षरतेची योजना सुरू केली आणि निवडक शाळांना ही यंत्रे दिली. आज पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला संगणक पाहिला तो हाच.

बीबीसी मायक्रोवर एक धडा फार स्पष्ट दिसे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. यंत्राच्या अंगावर ३२ के लिहिलेले. पण त्यातले साडेतीन के यंत्र स्वतःसाठी राखून ठेवी. डिस्क जोडली की राखीव भाग सव्वासहा केवर जाई. आणि पडदा? रंगीत, बारीक चित्रांचा पडदा निवडला, तर तो एकटा २० के खाई. म्हणजे डिस्क जोडून रंगीत चित्रे काढायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमसाठी ३२ केपैकी पावणेसहा केच उरत. उलट साधा अक्षरांचा पडदा निवडला तर त्याला १ के पुरे, आणि डिस्क नसलेल्या यंत्रावर प्रोग्रॅमला तब्बल साडेसत्तावीस के मोकळे. पगार हातात किती पडतो आणि कागदावर किती असतो, यातला फरक नोकरदार माणसाला सांगावा लागत नाही, मेमरीचेही तसेच. ए मॉडेल घेतलेल्यांना तर २० केवाले पडदे मिळतच नसत, कारण मुळात १६ केच होते. पुढे १९८५ मध्ये एकॉर्नने बी प्लस काढला, त्यात पडद्यासाठी २० के वेगळी दिली. पण तोवर शाळांनी घेतलेली यंत्रे घेऊन झाली होती.

अमेरिकेत १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. सर्वांत स्वस्त प्रकार १५६५ डॉलर, मेमरी १६ के. पाटीवर ६४ केपर्यंत वाढवण्याची सॉकेटे आणि मागे जादा पाट्या खोचण्यासाठी पाच खाचा. आत बसवलेला ८०८८ प्रोसेसर १०२४ के मेमरी ओळखू शके, पण वरची ३८४ के पडदा आणि इतर अंतर्गत कामांसाठी राखून ठेवल्यामुळे प्रोग्रॅमला उरली ६४० के. १६ केचे यंत्र विकणाऱ्यांना ६४० म्हणजे समुद्र वाटला असणार. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ बाजारात आला, आणि ६४ केवर समाधानी असलेल्या कचेऱ्यांना तीन-चार पट मेमरी शोधत फिरावे लागले.

येथे एक अडचण होती ती मेमरीची नव्हे, खाचांची. पाच खाचांपैकी एक पडद्याच्या पाटीने, एक डिस्कच्या पाटीने घेतलेली. छपाईयंत्रासाठी एक, टेलिफोनच्या मोडेमसाठी एक, मग मेमरीला उरली किती? या अडचणीवर उत्तर काढले ते कॅलिफोर्नियातील एएसटी रिसर्च या कंपनीने. ती १९८० मध्ये आल्बर्ट वाँग, सफी कुरेशी आणि थॉमस युएन या तिघा स्थलांतरित अभियंत्यांनी काढली. तिघांच्या नावांची पहिली अक्षरे म्हणजेच एएसटी. त्यांपैकी सफी कुरेशी कराचीत शिकून पुढील शिक्षणासाठी टेक्ससला गेलेले. त्यांची सिक्सपॅक प्लस ही पाटी एका खाचेत बसे आणि तिच्यावर ३८४ केपर्यंत मेमरी, छपाईयंत्राची जोडणी, मोडेमची जोडणी आणि बॅटरीवर चालणारे घड्याळ एवढे सगळे असे. घड्याळाची मातब्बरी आज कळणार नाही, पण आयबीएमच्या यंत्राला वीज गेली की तारीख आठवत नसे आणि रोज सकाळी ती टंकावी लागे. नव्या आयबीएम पाटीवर २५६ के आणि कुरेशी मंडळींच्या पाटीवर ३८४, मिळून बरोबर ६४०. सिक्सपॅक अमाप खपली. मोठ्या कंपनीने जिथे जागा उघडी ठेवली, तिथे परमुलखातून आलेल्या तिघांना आपला संसार थाटता आला. पुढे ही कंपनी स्वतः संगणक बनवू लागली, आणि १९९७ मध्ये सॅमसंगने ती घेतली.

जागा बंद ठेवण्याचे उदाहरणही लगेच समोर आले. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने मॅकिंटॉश काढला. २४९५ डॉलर, मेमरी १२८ के, पाटीवर सोल्डर केलेली, एकही खाच नाही. ग्राहकाने पेटी उघडू नये अशीच स्टीव्ह जॉब्झ यांची इच्छा. पडदा चित्रमय असल्याने जवळजवळ २२ के त्यातच जात. सोबत दिलेल्या मॅकराइटमध्ये आठ-दहा पानांपलीकडे मजकूर मावत नसे. एकच डिस्कयंत्र असताना एका डिस्कची नक्कल करायची तर मेमरी तोकडी म्हणून डिस्क आत-बाहेर, आत-बाहेर अशी कितीतरी वेळा घालावी लागे. मात्र पाटीची रचना करणारा बरेल स्मिथ दूरदर्शी निघाला. साहेबांची इच्छा काहीही असो, त्याने पाटी अशी आखली होती की त्याच सोळा जागी पुढे निघणाऱ्या चौपट मोठ्या चिप बसाव्यात. म्हणून सप्टेंबर १९८४ मध्ये ॲपलला ५१२ केचा मॅकिंटॉश ३१९५ डॉलरला काढता आला. ज्यांनी आठ महिने आधी पहिला घेतला होता, त्यांना एक तर कंपनीकडून पाटी बदलून घेणे किंवा कोपऱ्यावरच्या कारागिराकडून सोळा चिप उपटून नव्या लावून घेणे, एवढेच मार्ग होते. दुसऱ्या मार्गात हमी जाई. जानेवारी १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये मेमरीच्या छोट्या पट्ट्या सॉकेटात खोचता येऊ लागल्या, १ एमबीपासून ४ एमबीपर्यंत. दोन वर्षांत कंपनीने आपला हट्ट सोडला, निदान त्या वेळेपुरता.

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. १९८७ च्या अखेरीस आम्ही ज्या शाळेत शिकवत होतो तिथे कार्यालयासाठी एक्सटी जातीचा संगणक घ्यायचे ठरले. तीन विक्रेत्यांचे भाव आले. सर्वांत कमी भाव २५६ केच्या यंत्राचा होता. विक्रेता म्हणाला, पाटीवर ६४० केची सॉकेटे आहेत, केव्हाही वाढवा. खरेदी समितीत आम्हीही होतो आणि आम्हीही मान डोलावली. विद्यार्थ्यांची नावे, फी, शिष्यवृत्त्या हे सारे डीबेस थ्री प्लसमध्ये भरायला घेतले, आणि काही महिन्यांत यादी जरा मोठी झाली की मेमरी अपुरी असल्याचा संदेश येऊ लागला. शिष्यवृत्तीचे अर्ज जिल्ह्याला पाठवायची तारीख जवळ आलेली. शेवटी आमच्या कारकुनांनी सारी यादी पुन्हा हाताने लिहून काढली. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव आजही आठवतात.

मेमरी वाढवायला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो तेव्हा चिपचे भाव ऐकून थक्क झालो. १९८५ मध्ये जगभर चिप कवडीमोल झाल्या होत्या, इतक्या की इंटेलने हा धंदाच सोडला. पण १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात चिपच्या किमतींबाबत करार झाला, जपानी कारखान्यांनी उत्पादन आवरले, आणि १९८८ मध्ये टंचाई होऊन भाव भडकले. 'मेमरी काय, रोज स्वस्तच होते' हे आमचे गृहीतक नेमके त्या वर्षी खोटे ठरले. आमच्या यंत्राला २७ चिप लागणार होत्या, नऊ मोठ्या आणि अठरा लहान. आठामागे नववी चिप चूक तपासण्यासाठी. खरेदीच्या वेळी जेवढे वाचवले त्याहून अधिक या चिपना पडले. गावी आणून बसवताना एकीचा पाय वाकला, यंत्र सुरू होताच बंद पडले, आणि ती शोधण्यात एक रविवार गेला.

भावाची अशी उलटी उडी पुढेही बसली. जुलै १९९३ मध्ये जपानातील निइहामा येथे चिपच्या आवरणाचे राळ बनवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि जगभर मेमरी महागली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी उचलल्यामुळे पुन्हा तेच झाले.

आणि सोल्डर केलेली मेमरीही परत आली आहे. २०१२ मध्ये ॲपलने रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये ती पाटीवरच पक्की केली, आणि पुढे पातळ लॅपटॉप बनवणाऱ्या इतर अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. काहींत अर्धी मेमरी पक्की आणि एक सॉकेट मोकळे असते, काहींत दोन्ही सॉकेटे मोकळी, काहींत काहीच नाही. बाहेरून पेटी पाहून यातले काही कळत नाही.

परवा शेजारच्या मुलीसाठी आम्ही दोघे-तिघे लॅपटॉप पाहत होतो. दुकानदार आठ जीबीवर अडून बसला होता. तिचे अब्बा किंमत कमी करा म्हणत होते. ती मात्र फोनवर त्या मॉडेलचे माहितीपत्रक उघडून एकेक ओळ वाचत होती. आठ जीबी पक्की, सॉकेट एक, रिकामे. तिने ते अब्बांना दाखवले आणि मग पैसे मोजले गेले.